‘देवाने सांगितलं’ असं म्हणण्याआधी

झांबियाच्या पूर्व भागातून एका तरुणाने विचारलंय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: मूळचा संगमनेरकडचा, चिपाटाजवळच्या एका मिशन शाळेत गणित शिकवायला दोन वर्षांसाठी गेलाय, नऊ महिने झालेत. त्याने 21 दिवस उपवास-प्रार्थना केली. अठराव्या दिवशी बायबलमधलं वचन मिळालं, ‘मासेदोनियात येऊन आम्हांला साहाय्य कर’. त्याच आठवड्यात उत्तर मोझांबिकमधल्या काबो देलगादो प्रांतात हिंसाचारामुळे विस्थापित झालेल्यांची बातमी कानावर आली. तेव्हापासून एकच ध्यास, शाळा सोडून तिकडे जायचं. पाठवणारी संस्था नाही म्हणते. तिथले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, ‘अजून नाही’. प्रश्न असा: मी माणसांचं ऐकू की देवाचं?

बाळा, ख्रिस्तात सलाम. मी नगरची. मिरजेला नर्सिंग केलं आणि 1996 ते 2009 मलावीत एका मिशन हॉस्पिटलात होते, बहुतेक काळ बाळंतिणींच्या वॉर्डात. तू आहेस तिथून सरहद्द ओलांडली की आमचाच मुलूख. भाषासुद्धा तीच, तुमच्याकडे चिन्यांजा म्हणतात, आमच्याकडे चिचेवा. वयाने माझ्या धाकट्यापेक्षाही लहान असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

तू प्रश्न जसा मांडलास तसा तो सुटणारच नाही. ‘माणसांचं की देवाचं’ असं विचारलं की उत्तर विचारतानाच ठरून गेलं. पण त्यात तू गुपचूप एक गोष्ट गृहीत धरलीस: देवाचं म्हणणं तुझ्याकडे आलंय आणि पाळकांकडे आहे ते नुसतं माणसाचं मत. तेही रोज पहाटे गुडघे टेकतात ना? मग मला दिसतो तो प्रश्न वेगळा आहे. आपल्याला जे ऐकू आलं ते तपासायचं कोणी, आणि परक्या मुलखात, जिथलं आपल्याला अर्धंच कळतं, तिथे ते कसं तपासायचं?

काही गोष्टी इथे नगरला बसून मला सांगता येणार नाहीत. तुझा कामाचा परवाना शाळेच्या नावावर आहे का, संस्थेचा नकार विम्यामुळे आहे की तुझ्या तब्येतीमुळे, घरी तुझ्या पगारावर कोण अवलंबून आहे, लग्न ठरलंय का, पोर्तुगीज किती येतं. यातल्या एकेका उत्तराने माझा सल्ला थोडा इकडे-तिकडे होईल. मुद्दा बहुतेक तोच राहील.

तुला मिळालेल्या वचनापासूनच सुरुवात करू. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सोळावा अध्याय. आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये तो दृष्टान्ताच्या रात्रीपासून शिकलो. तू चार ओळी आधीपासून वाच. प्रेषित पौलाला आसिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मनाई केली. मग बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. म्हणजे पौलासारखा पौल, तोही आधी दोनदा दुसरीकडेच निघाला होता. मग त्रोवसला रात्री तो मासेदोनियाचा माणूस दिसला. दिसला एकट्या पौलाला, पण पुढच्या वचनात क्रियापद बदलतं. ‘आम्ही’ येतं. दर्शन एकाचं, आणि देवाने बोलावलंय हा निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढलेला. ‘आम्ही’ म्हणणारा लूक, हे पुस्तक लिहिणारा, तिथेच पहिल्यांदा गोष्टीत शिरतो. मला तर नेहमी वाटतं, त्या रात्रीनंतर सकाळी त्रोवसला भाकरी खाताना बराच वेळ बोलणं झालं असणार.

पुढेही वाच. स्वप्नात पुरुष दिसला होता; फिलिप्पैला पोचल्यावर भेटल्या त्या नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका. त्यांतल्या जिचं अंतःकरण प्रभूने उघडलं ती लुदिया मासेदोनियाची नव्हतीच, थुवतीराची होती, म्हणजे ज्या आसियात बोलायला मनाई झाली त्याच प्रांतातली. आणि थोड्याच दिवसांत पौल नि सीला फटके खाऊन तुरुंगात, पाय खोड्यात. मार्गदर्शन अगदी बरोबर होतं, तरी वाट सोपी झाली नाही, आणि दर्शनात दिसलं तसंही काही घडलं नाही. म्हणून ‘मला शांती मिळाली, दारं उघडली, म्हणजे देवाची इच्छा’ हे आपल्या साक्षींमधलं गणित मला पटत नाही. तू गणिताचा मास्तर, तूच बघ.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी साक्षीच्या सभेत कधी सांगितली नाही.

मलावीत पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. आमच्या भागात एक नदी होती, जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या पलीकडच्या दिवस भरलेल्या बायका अडकायच्या. दोन वर्षांत अशा तिघी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या, उशिरा पोचल्या म्हणून. मी रोज पहाटे त्यावर प्रार्थना करायचे. एके दिवशी यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायातलं ‘आपल्या डेऱ्याची जागा प्रशस्त कर’ हे वचन समोर आलं आणि मला लख्ख दिसलं: नदीपलीकडे एक खोली बांधायची, जिथे शेवटच्या महिन्यात बायका येऊन राहतील, मी आठवड्यातून दोनदा जाईन. नगरच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, पत्र लिहिलं. कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे त्यांनी पाठवले, भोपळा नि कोंबड्या चढ्या बोलीने घेऊन जमवलेले. गावच्या मुखियाने जमीन दाखवायला बरोबर माणूस दिला. मी फिरून फिरून एक जागा निवडली. सगळं रान तोडून उघडं झालेलं, तिथे मात्र उंच झाडांची दाट राई उभी होती, गार सावली. राईच्या कडेला खोली उभी राहिली. गवंड्याने दोनदा विचारलं होतं, ‘सिस्टर, इथेच?’ मला वाटलं, पाणी लांबून आणायला लागतं म्हणून कुरकुरतोय.

त्या पावसाळ्यात तिथे एकही बाई राहिली नाही. दोघी आल्या, अंधार पडायच्या आत निघून गेल्या.

मलावीत दाट, न तोडलेली राई दिसली की ती बहुतेक मांडा असते. मांडा म्हणजे कबरस्तान. तिथलं लाकूड कोणी तोडत नाही, म्हणून तर झाडं वाढलेली. आणि पोटुशी बाई तिथे रात्री झोपणार? आपल्याकडे तरी कोणी झोपेल का? शिवाय खोलीला चूल नव्हती. तिथे पेशंटबरोबर आई नाहीतर सासू येते, तीच बाहेर तीन दगडांवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, शिजवते. तिच्यासाठी आडोसा लागतो हे वॉर्डात रोज बघून मला कसं सुचलं नाही, कुणास ठाऊक.

मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईला मी रागाने विचारलं, इतक्या जणांनी बघितलं, एकालाही सांगता आलं नाही? ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘तू आलीस आणि म्हणालीस, देवाने सांगितलं. मग आम्ही काय बोलणार?’

ते वाक्य मला अजून टोचतं. चिचेवात एक म्हण आहे, धारदार वस्तरा घेऊन येतो तो पाहुणाच. म्हणजे अडलेलं काम कधीकधी बाहेरचा माणूस सोडवतो. लोक प्रेमाने ही म्हण आपल्याला ऐकवतात आणि आपण फुगतो. पण पाहुण्याला कोणी टोकत नाही, हाही पाहुणचाराचाच भाग. त्यात पाहुणी गोळ्या-इंजेक्शनं देणारी, पैसे आणणारी, आणि वर देवाचं नाव घेणारी. मी ते दोन शब्द उच्चारले तेव्हाच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. देव गवंड्याच्या तोंडून दोनदा बोलला असेलही. मला काम पुरं करायची घाई होती.

(खोलीचं काय झालं? बायकांनीच ठरवलं. पत्रे आणि विटा उतरवून बैलगाडीने अलीकडच्या आरोग्य केंद्राजवळ आणल्या, आधी चुलीचा आडोसा बांधला, मग खोली. दिवस भरायच्या आधीच, वाट चालू असताना नदी ओलांडून यायचं, असा त्यांचा हिशेब. तिसऱ्या वर्षी तिथे झोपायला जागा पुरेना. त्या तीन मेलेल्या बायकांबद्दलचं माझं ओझं देवाचंच होतं असं मी आजही मानते. त्याच्या पुढे ‘कुठे, कसं, कधी’ हे जे मी जोडलं, ते माझं होतं.)

म्हणून तुला पहिलं सांगणं: ओझं आणि योजना वेगळ्या कर. काबो देलगादोच्या माणसांसाठी तुझा जीव तुटतो, त्यावर मी शंका घेणार नाही. 2017 पासून तिथे लोक घरंदारं सोडून पळताहेत. पण ‘मीच, आत्ता, शाळा सोडून’ हे त्या वचनात लिहिलेलं नाही.

आम्ही प्रॉटेस्टंट, तरी कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियरची एक हकिकत मला फार उपयोगी पडते. हिंदुस्थानात यायचं होतं ते मुळात त्याच्या सोबत्याला, बोबादियाला. तो ऐन वेळी आजारी पडला, म्हणून 1540 मध्ये झेवियरला जवळजवळ उभ्या उभ्या रोमहून निघावं लागलं, आणि 1542 च्या मे महिन्यात तो गोव्याला उतरला. 1545 मध्ये पुढे कुठे जावं हे त्याला कळेना. तेव्हा मद्रासजवळ मैलापूरला, संत थोमाच्या कबरीपाशी, तो काही महिने प्रार्थना करत राहिला. तिथून त्याने कळवलं की मलाक्का नि त्याच्याही पूर्वेच्या बेटांवरल्या मकासरकडे जाणं हीच देवाची इच्छा असल्याची खात्री पटली आहे. निघाला. मलाक्काला पोचल्यावर कळलं की मकासरला एक पाद्री आधीच गेलेला आहे. वाट बघितली, आणि मग 1546 च्या आरंभी तो अंबोइना बेटाकडे वळला. मकासर त्याने कधी बघितलंच नाही. मग मैलापूरची प्रार्थना खोटी ठरली का? मला तसं वाटत नाही. प्रार्थनेने त्याला बंदरापर्यंत आणलं, पुढचं बंदरातल्या लोकांनी सांगितलं, आणि त्याने ते ऐकलं.

आपली मराठी मंडळीसुद्धा अशाच अडलेल्या वाटेची लेकरं. हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी 1812 मध्ये कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारने निघून जायला सांगितलं. त्यांच्याच मिशनने पाठवलेला जडसन रंगूनला गेला, हे दोघे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला आले, आणि तिथूनही त्यांना हाकलायची तयारी चालली होतीच. त्या कामातूनच पुढे 1831 मध्ये नगरला मिशन उघडलं. कलकत्त्याचा तो सरकारी हुकूम त्यांना नक्कीच देवाचा वाटला नसेल.

आता जरा नर्स म्हणून बोलते. वॉर्डातल्या सवयीने मी आधी माणसाचं शरीर बघते. परदेशात सेवेला आलेलं कोणी ‘मला रात्री स्पष्ट दिसलं’ म्हणालं की मी पहिलं विचारायचे, मलेरियाची कोणती गोळी घेतोस? मेफ्लोक्विन असेल तर त्या गोळीने झोप उडते, भीती वाटते, रंगीत नि खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात. हसू नकोस. एक चांगला मुलगा त्या स्वप्नांवर सामान बांधून बसला होता. डॉक्टरांनी गोळी बदलली, दोन-तीन आठवड्यांत सामान सुटलं. देव स्वप्नातून बोलत नाही असं मी म्हणत नाही, योसेफाला कोण नाही म्हणेल? पण गोळीही बोलते.

तसंच उपवासाचं. अठरावा दिवस म्हणजे अंगात फारसं काही उरलेलं नसतं, मन पिसासारखं हलकं, शब्द एकदम उजळ दिसतात. अंत्युखियाच्या मंडळीतही उपवास चालू असतानाच पवित्र आत्मा बोलला, त्याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. पण तिथे पाच जणांची नावं दिलीत: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, मनाएन आणि शौल. कुठले कुठले लोक! ते एकत्र होते, आणि ऐकल्यावर पुन्हा उपवास-प्रार्थना करून मगच दोघांना धाडलं. तू एकटा होतास. आणि नववा महिना. माझ्या अनुभवात सातव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. नवलाई ओसरलेली, भाषा विनोद कळण्याइतकी आलेली नाही, घरी कोणाचं तरी लग्न होऊन गेलेलं. या काळात देव बहुतेकांना ‘दुसरीकडे जा’ म्हणून सांगतो. मलाही सांगत होता, रोज.

यावर मी जे करायचे ते साधं आहे. एक वही. डाव्या पानावर जे ऐकलं असं वाटलं ते, तारखेनिशी, सजवल्याशिवाय. त्याखाली: काल किती झोपले, ताप होता का, घरचं पत्र आलं का, कोणाशी भांडण झालं का. उजवं पान कोरं. तीन महिन्यांनी उजव्या पानावर लिहायचं की ते अजून तसंच वाटतं का, आणि कोणी न सांगता दुसऱ्या कोणी तेच बोललं का. माझी बरीचशी डावी पानं तीन महिन्यांनी वाचताना लाज वाटायची. थोडी टिकली, आणि ती बहुतेक अशी होती ज्यात माझा काहीच फायदा नव्हता. बायबलमधला नहेम्या राजाचा प्यालेबरदार; त्याने यरुशलेमेची बातमी ऐकली किसलेव महिन्यात आणि राजापुढे तोंड उघडलं नीसान महिन्यात. मध्ये चार महिने तो प्याले भरत होता. तुला गणित शिकवता येतं, तू शिकव.

आता कोणी म्हणेल, ही बाई शेवटी सांगते काय, तर वरच्यांचं ऐका. तसं नाही. वरच्यांनी खोटं बोलायला सांगितलं, हिशेबात फिरवाफिरवी करायला सांगितलं, कोणाच्या मुलीवर झालेला अन्याय ‘मिशनचं नाव जाईल’ म्हणून दाबायला सांगितलं, तर तिथे प्रार्थनेत विचारायचंसुद्धा नाही, सरळ नाही म्हणायचं. आणि उलटही. पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा करायची, ‘प्रभूने दार उघडलं’ म्हणायचं, हे मला मान्य नाही. ज्या गोष्टी शास्त्रात उघड आहेत तिथे वेगळा आवाज लागत नाही. तुझं तसं नाही. तुझ्यासमोर दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, म्हणून तर ऐकायला इतकं कठीण जातंय.

काबो देलगादोबद्दल एक स्पष्ट बोलते. मरायला तू तयार असशील, तरुणपणी सगळे असतात. पण तुला घरात ठेवून घेणाऱ्याला कोणी विचारलंय का? परदेशी माणूस, त्यात मिशनरी, ज्या घरात उतरतो त्या घराकडे नजरा वळतात. तू निघून जाशील, ते तिथेच राहणार. आणि तिथे चिन्यांजा चालणार नाही. पोर्तुगीज हवी, आणि मकुवा किंवा मकोंदे. दुभाष्या लागला तर आणखी एक जीव तुझ्या निर्णयावर टांगला. हे सगळं जुळूनही येईल कदाचित. मोझांबिकमधल्या मंडळीनेच बोलावलं, तर मी स्वतः नगरला वर्गणी गोळा करीन. त्रोवसच्या स्वप्नातला माणूस ‘ये’ म्हणत होता. तुला अजून तिथल्या कोणी ‘ये’ म्हटलेलं नाही, तू बातमी ऐकलीस.

2006 मध्ये माझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी आठ दिवस प्रार्थना केली, राहू की जाऊ, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ना वचन, ना शांती. नवव्या दिवशी तीच शेंगांवाली म्हातारी वॉर्डात आली, तिने माझी पिशवी खाली काढून कॉटवर ठेवली आणि म्हणाली, आईला बघून ये, आम्ही काही कुठे जात नाही. सात महिन्यांनी परतले तेव्हा माझ्या कोपऱ्यातली भाजी तिने जगवली होती.

तर पाळकांकडे जा. फोन नको, जाऊन बस, शेतातल्या शेंगा ने. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यांनी ‘नाही’ म्हटलेलं नाही, ‘अजून नाही’ म्हटलंय, आणि तू पुढे सगळीकडे ते ‘नाही’ धरून लिहिलंयस. त्यांना एवढंच विचार: ‘अजून’ म्हणजे काय काय झाल्यावर? देवाने मला सांगितलंय, हे वाक्य त्या दिवशी घरी ठेव. लगेच उत्तर येणार नाही. आधी पाऊस-पाणी, मका, मुलांची चौकशी होईल, मग हात धुवायला पाणी येईल, न्सिमा होईल. उठू नकोस. ते बहुतेक जेवणानंतर बोलतील.